बोडक्या मानेची पिलं

कोंबडी खुडूक झाली की मला माणसांचा संशय यायला लागतो. हसाल, पण तसं आहे खरं. माघ उतरणीला लागतो, अंगणात सुपारी वाळत पडलेली असते, मोहराचा चिकटा पायरीवर पडून चपला चिकटायला लागतात, आणि एखाद्या सकाळी एखादी कोंबडी बसल्या जागेवरून उठायलाच तयार होत नाही. अंग फुलवून दुप्पट होते. जवळ गेलं की घशातल्या घशात गुरगुरते, हात पुढे केला की टोचते. अंडी उबवायला बसली म्हणजे तिच्या लेखी एकवीस दिवस सगळं जग अंडीचोर असतं. मी तिच्यासमोर उकिडवी बसते आणि मनात म्हणते, बाई, तुला मी ओळखते.

परवा आमची तांबडी अशीच सोडणांच्या ढिगात सापडली. नारळ सोलून उरलेली सोडणं मी न्हाणीमागे रचून ठेवते, चुलीला होतात. तिने त्यात खळगा केला होता. आत तीन अंडी. मी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मनात पहिला विचार आला तो हा की काल चार होती काय? मग एकटीच ओशाळले. इतक्या वर्षांत या वाडीत माझी चमचाभर वस्तू कुणी हलवलेली नाही. तरी खोड जात नाही ती नाहीच.

आम्ही हिंगोलीकडचे. वादळाने इथल्या वाड्या आडव्या केल्या, त्यानंतर पडलेल्या पोफळी उचलायला आणि नवी रोपं लावायला माणसं हवी होती. ओळखीतून ओळख निघाली आणि आमच्या ह्यांना दिवेआगरात हे काम मिळालं. मालक मुंबईत असतात. वाडीच्या टोकाला आम्हाला एक खोली दिली, आणि पाहुण्यांसाठीच्या दोन खोल्या झाडायचं, चादरी धुवायचं काम माझ्याकडे आलं. समुद्र मी तोवर बघितलेला नव्हता. पहिला महिनाभर तो मला दिसण्याआधी ऐकूच यायचा, आणि वाटायचं की पलीकडे कुणीतरी सारखं धान्य पाखडतंय. सुपाचा आवाज येतो आणि पाखडणारी बाई दिसत नाही, याची मला भीती वाटायची.

माझी शाळा आठवीत सुटली. गावात वर्ग तेवढेच होते, पुढची शाळा नदीपलीकडे. मुलींना नदीपलीकडे पाठवत नसत. मला मात्र पुढे थेट समुद्रापर्यंत पाठवलं. शाळा सुटली की हुशारी संपते असं नाही, पण एक गोष्ट मनात घर करून बसते, की जे आपल्याला कळत नाही ते कुणीतरी आपल्यापासून लपवून ठेवलंय. कागदावर सही मागितली की मी तो कागद उलटसुलट बघत राहते. दोन माणसं हळू बोलली की आपलंच बोलत असतील. आणि कुणी चांगलं वागलं की अजून जास्त भीती, कारण त्याचं कारण शोधत बसावं लागतं.

ताराकाकी चांगली वागली. आमच्या खोलीला लागूनच तिचं कौलारू घर. एकटी बाई, साठीच्या आसपासची, चालताना एका बाजूला किंचित झुकणारी. आम्ही आलो त्या दिवशी तिने न विचारता तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणून दिली. मी ज्वारीची भाकरी खाणारी. तांदळाची ती पांढरीफेक, मऊ भाकरी बघून मला वाटलं, ही कच्ची तर नाही? ती दारातच उभी राहून बघत होती. म्हणाली, घाटावरची माणसं भाकरी हुंगून खातात काय गो? आणि स्वतःच हसली. पण हेही खरं, की त्या पहिल्या आठवड्यात आम्ही अंगणात असलो की ती आपली कोयती उचलून आत नेऊन ठेवायची. ते मी बघून ठेवलं होतं. मी सगळंच बघून ठेवते.

तिनेच मला तांदळाच्या पिठाची उकड काढायला शिकवली, विहिरीचं पाणी कुठलं प्यायचं आणि कुठलं नुसतं शिंपायचं ते सांगितलं, मला ताप आला तेव्हा पेज करून घातली. तिचे उपकार मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण उपकार आणि संशय एकाच भांड्यात कसे राहतात हे ज्याने कुणाचं घेतलंय त्यालाच कळेल. जितकं जास्त घेत गेले तितकी मी तिच्या हातांकडे जास्त बघत गेले.

त्या पहिल्या माघात हे गावाकडे जाऊन आले. परत येताना आईने ज्वारीच्या डब्यात अंडी पुरून दिली होती. तिच्या स्वतःच्या कोंबड्यांची. आमच्याकडच्या कोंबड्या बोडक्या मानेच्या, म्हणजे मानेवर पीसच नाही, लालभडक उघडी मान. दिसायला काही देखण्या नाहीत. पण मला त्या दिसल्या की आमचं अंगण दिसतं, बाभळीखालची बाज दिसते. ह्यांनी एसटीत रात्रभर डबा मांडीवर ठेवला होता. अकरांपैकी दोन तडकली, नऊ धड आली. मी एकेक अंडं ज्वारीतून काढताना हात धुऊन बसले होते. गावाहून माझ्यापाशी जिवंत असं तेवढंच आलं होतं, आणि तेही अजून जिवंत व्हायचं होतं.

माझ्याकडे कोंबडी कुठली? काकीची काळी मात्र तेव्हाच खुडूक झालेली. काकी म्हणाली, अर्धेलीने ठेवू. इकडची ही पद्धत आहे. अंडी एकाची, कोंबडी दुसऱ्याची, निघतील ती पिलं निम्मी-निम्मी. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार? तिने पाटीत भाताचा पेंढा घातला, एक गंजका खिळा आणि एक सुकी मिरची ठेवली. वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. माघात कुठली वीज? पण आमच्याकडे कोळसा ठेवतात, म्हणून मी गप्प बसले. पाटी तिच्या पडवीत, कोपऱ्यात, जुन्या पोत्याच्या आडोशाला. म्हणजे माझी अंडी तिच्या घरात. रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी काकी विहिरीवर गेली तेव्हा मी पडवीत गेले. पाहुण्यांच्या कुठल्याशा मुलीने खोलीत एक निळा स्केचपेन टाकला होता. काळी दाणे टिपायला उठली होती. मी प्रत्येक अंड्याच्या जाड टोकावर बारीक निळा ठिपका दिला. नऊ ठिपके. अंडी माझी होती आणि तरी मी चोरासारखी बसले होते.

त्यात पोपटीचे दिवस. वालाच्या शेंगा भरल्या की इथे घरोघरी मडकी भरतात, भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा, बटाटे, कोंबडी, अंडी घालून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. गावठी अंड्यांना त्या दिवसांत देवासारखा मान. चौथ्याच दिवशी काकीकडे तिच्या माहेरची माणसं आली, पोपटी लागली, मला बोलावलं. मडकं फोडलं तेव्हा तो वास, ओवा आणि धूर मिसळलेला, आजही मला सांगता येणार नाही इतका चांगला. आणि मी काय करत होते? प्रत्येक अंड्याचं जाड टोक बघत होते. काकी म्हणाली, खा की गो, बघतेस काय. मी खाल्लं, आणि घरी येताना पुन्हा पडवीत डोकावून नऊ ठिपके मोजले.

आता वाटतं, त्या दिवसांत त्या काळीला खरं ओळखणारी मीच होते. ती दिवसातून एकदा उठायची, घाईघाईने कण्या टिपायची, पाणी प्यायची आणि अंडी थंड व्हायच्या आत परत. मीही तशीच. चादरी वाळत घालायची, खोल्या झाडायची, आणि मधेच पडवीत.

अठराव्या दिवशी दुपारी गेले तर पेंढा ओलसर होता. अंडी आठ. आणि एकावरही ठिपका नाही.

मी एकेक उलटून बघितलं. काकी पलीकडे नारळ सोलत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एक कमी दिसतंय? ती म्हणाली, गेलेलं हुतं ते, टाकलं. बाकीची बरी हायत, बघितली मी सगळी. तेवढंच. मला पुढे विचारता येईना. ठिपके कुठे गेले म्हणून विचारलं तर मी ठिपके दिले होते हे सांगावं लागणार. माझा संशय माझ्याच तोंडाला कुलूप लावून बसला. मी मनात सगळं जुळवून टाकलं. माझी नऊ हिने पोपटीत, नाहीतर बोर्लीच्या बाजारात लावली, आणि स्वतःच्या कोंबड्यांची आठ आणून ठेवली. वर आईची अंडी गेली, आणि निम्मी पिलं घेऊन आभारही मीच मानायचे. जेवण जाईना. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुला येड लागलंय, ती बाई आपल्याला पेज घालते. मी म्हटलं, त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी काकी बाजाराला गेली. काळी दाणे टिपायला उठली. मी पाटीतून एक अंडं उचललं, पदराखाली घेतलं आणि केळींच्या मागे गेले. मला एवढंच बघायचं होतं की आतलं कुणाचं आहे. मान बोडकी असली तर आमचं, पिसांची असली तर तिचं. इतका सोपा हिशेब. अंडं हातात गरम होतं. दगडावर हलकंच आपटलं, नखाने कवची सोलली.

पिलू पुरं झालेलं होतं. ओलं, घडी घातलेलं, पाय पोटाशी, चोच पंखाखाली. अंगावर चिकटलेली पिवळी-काळी लव, आणि मान उघडी. गुलाबी, सुरकुतलेली, बोडकी मान. पाय एकदा ताणला त्याने. मी ते परत कवचीत बसवायचा प्रयत्न केला, हे लिहायला लाज वाटते, पण केला. दोन्ही हातांत धरून बसले. थोड्या वेळाने ते हलायचं थांबलं. आईचं होतं. आमच्या अंगणातलं होतं. ते कुणी चोरलेलं नव्हतं, हे मला कळलं, आणि ते कळायला मी त्याला मारलं होतं.

केळीच्या बुडाशी खड्डा केला. हात धुतले, पुन्हा धुतले. काकी परत आली, पाटीत बघितलं, म्हणाली, सातच कशी? मी म्हटलं, मुंगूस फिरत होतं मघाशी. तिने पोत्याच्या बाजूला एक फळी आणून लावली.

सातही निघाली. काकीने मला हाक मारली तेव्हा काळीच्या पंखाखालून ओलं डोकं बाहेर डोकावत होतं आणि आत कुठेतरी अजून एकाची टोकटोक चालू होती. पडवीभर तो बारीक आवाज. मी आनंदाने बघायला वाकले आणि डोळा पहिला मानेवर गेला. चार बोडक्या मानेची. तीन पिसांची.

म्हणजे पुन्हा तेच. एवढं झाल्यावरही! चार माझी ठेवली आणि तीन आपली घुसवली काय? माणूस स्वतःच्या हाताने झालेलं पाप बघूनही शहाणं होत नाही, ते असं. दोन महिने पिलं वाढली. काळी त्यांना सोडणं उकरून किडे दाखवायची, घारीची सावली अंगणावरून सरकली की एकच आवाज काढायची आणि सातही तिच्या पोटाखाली नाहीशी व्हायची. आम्ही दोघी तांदळाच्या कण्या टाकायचो. दोन माणसं एकाच मुठीतून दाणे टाकतात तेव्हा जवळची होतात म्हणे. मी मात्र दाणे टाकता टाकता त्या तीन पिसांच्या मानांकडे बघायची.

वाटणीच्या दिवशी काकीने पिसांची तीन आपल्याकडे ओढली. म्हणाली, अंडं माझ्या पडवीतनं गेलं, माझं राखणं कमी पडलं, म्हणून तुला चार आणि मला तीन. ही बोडकी तूच घे, तुला गावचं वाटंल. मी चारही घेतली. आभार मानले. आणि खोलीत येऊन विचार केला, तिने नेमकी पिसांचीच का उचलली? स्वतःची ओळखली म्हणून?

आईला फोन केला तेव्हा सहज सांगितलं, की बोडक्या मानेची चारच निघाली. आई म्हणाली, "मग? आपल्याकडं बी निम्मी पिसाचीच निघायची की. इसरलीस काय?"

विसरले होते. लांब गेल्यावर घर एकाच रंगाचं आठवायला लागतं. आमच्या अंगणातल्या पिसांच्या कोंबड्या मी मनातून कधीच हाकलून दिल्या होत्या, फक्त लाल माना ठेवल्या होत्या, आणि त्या मापाने इथल्या बाईला मोजत होते.

ठिपक्यांचं पुढच्या माघात कळलं. अठराव्या दिवशी काकीने माझ्यासमोरच घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि एकेक अंडं त्यात सोडलं. आतलं जितं असलं की पाण्यावर अंडं आपलं आपण डुलतं. गेलेलं निपचित राहतं. इकडे असंच बघतात. आमच्याकडे अंड्याला पाण्याचा हात लावत नाहीत, म्हणून हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. अंडी पाण्यावर डुलत होती, काकी कौतुकाने बघत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर नऊ निळे ठिपके विरघळत होते. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. एक वर्ष गेलं, मग दुसरं. न बोललेली गोष्ट अंड्यासारखीच, जास्त दिवस ठेवली की हलवायची भीती वाटते.

तर परवा तांबडी बसली. काल दुपारी मी काकीच्या पडवीत सुपारी सोलायला गेले होते. काकी आता जास्त झुकते. म्हणाली, या वेळी माझ्या कोंबड्यांची अंडी तुझ्या तांबडीखाली ठेव, पण अर्धेल नको, सगळी पिलं तूच घे. माझ्यानं आता घारीमागं धावणं व्हत न्हाय.

आणि बघा, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की का देतेय? काय हवंय हिला? त्या क्षणी मला माझीच किळस आली. सुपारी हातातच राहिली. म्हटलं, "काकी, पहिल्या वर्षी ते अंडं मुंगसाने नेलं नव्हतं."

"मुंगूस एका अंड्यावर थांबत न्हाय," ती म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता.

मी म्हटलं, मी फोडलं. ती म्हणाली, म्हाईत हाय. तिला ठिपकेही माहीत होते. पाण्यात अंडी सोडली तेव्हा पाणी निळसर झालं, तेव्हाच ती समजली होती. राग आला होता का, असं मी विचारलं. आला की, म्हणाली, दोन दिवस तुझ्याशी बोलले न्हाय मी, तुला पत्ता तरी होता काय? तू आपली अंडीच बघत हुतीस. मग म्हणाली, अंडं गेलं त्या दिवशी तू जेवली न्हाईस. तुझं ताट तसंच घासायला आलेलं मी बघितलं. त्याच्यावर अजून काय बोलायचं?

मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क वाटत नव्हता. तिने दोन सुपाऱ्या सोलल्या. मग विचारलं, "मान कशी हुती त्याची?"

"बोडकी."

"मग बरं झालं गो," ती म्हणाली. "पिसं निघाली असती तर मी जन्माची चोर झाले असते, आणि मला कुणी सांगितलंपण नसतं."

मी रात्रभर त्या वाक्यावर पडून होते. निम्मी पिसांची निघतात. मी उचललं ते पिसांचं असतं, तर तेही आईचंच असतं, आणि मी त्याच्या मानेकडे बघून काकीला कायमची चोर ठरवली असती. ताप आला तरी तिची पेज घेतली नसती. ह्यांना सांगून खोली सोडली असती, नाहीतर इथेच राहून तिच्याशी वाकड्या तोंडाने बोलत वर्षं काढली असती. ती चोर नाही याची जशी खात्री झाली, तशीच ती चोर आहे याची झाली असती. मी काकीवर विश्वास ठेवला म्हणून आमचं इथलं सगळं टिकलं, असं मला म्हणता येत नाही. ते एका मेलेल्या पिलाच्या उघड्या मानेमुळे टिकलं, आणि ती मान उघडी असावी हा निव्वळ योग होता.

हे काल पडवीत मला इतकं नीट सुचलं नव्हतं. तिथे मी नुसती खाली मान घालून बसले होते. काकीने मांडीवरची फोलपटं झटकली, पाय लांब केला, गुडघ्यावर हात फिरवला.

"ऊठ, चहा टाक," ती म्हणाली. "साखर कुठं हाय ते तुला म्हाईत हाय."